वडिलांच्या वहीची शुद्ध प्रत

दुसऱ्यांच्या चुका काढून मी पोट भरते. नागपूरला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. चांगलं कसं लिहावं यावर बोलायला मला अधूनमधून बोलावतातही. मी जाते, बोलते, टाळ्या घेते. वडिलांच्या वहीबद्दल मात्र तिथे कधी तोंड उघडलं नाही.

वडिलांची सारी हयात मध्य प्रदेशात, सौंसरला सरकारी नोकरीत गेली. अर्ज, टिपणं, शेरे सगळं हिंदीत. मराठी फक्त बोलायची. आई गेली त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच मराठीत पानंच्या पानं लिहिली. शंभर पानी वही भरली आणि मी घरी गेले तेव्हा माझ्या हातात दिली.

"पाह्य जरा. गलत्या असतीन तं काढजो."

हे मला सांगायलाच नको होतं.

वहीत आई होती. ‘तुझी आई मागच्या अंगणात संत्री सोलून राहिली. मी चहा मागून राहिलो. ते ऐकून नाही राहिली.’ पानोपानी असंच. आमच्याकडे ‘ते’ म्हणजे ती, आणि ‘सोलून राहिली’ म्हणजे सोलते आहे, आत्ता, या घटकेला. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. याच बोलीत भूक लागली म्हणून रडत मी मोठी झाले. पण हातात पेन आलं की माझं डोकं फिरतं. माणूस गेलेलं, गोष्टी घडून गेलेल्या, तेव्हा भूतकाळच हवा. मी सगळीकडे ‘होती’ केलं. आई संत्री सोलत होती. वडील चहा मागत होते. ती लक्ष देत नव्हती. संत्र्यांचा प्रसंग त्यांनी तीनदा लिहिला होता, तो एकदाच ठेवला. मग सगळं टाइप करून छान बांधून घेतलं. लाल खाडाखोडीने भरलेली वही आता ठेवून काय करायची, म्हणून रद्दीत दिली.

सौंसरला जाताना बसमध्ये, वाटेतलं लोधीखेडा येईपर्यंत मी ती प्रत चाळत होते. स्वतःवर फार खूश होते.

वडील पानावर बोट ठेवून वाचू लागले. मी शाबासकीची वाट पाहत समोर उभी. दहाएक पानं झाल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"लई साफ केलं," ते म्हणाले. मग ते पान पुन्हा वाचलं. "सही आहे, बेटा. पन यात ते मेली."

आणि मी त्यांना समजावायला लागले! काळ, क्रियापद, वाचकाची सोय. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माही वही आनली काय?"

"रद्दीत गेली, बाबा."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पुसत बसले.

नागपूरला परत येऊन मी आठ दिवस बसले. एकेक ‘होती’ खोडून ‘राहिली’ केलं. गाळलेलं जेवढं आठवलं तेवढं परत घातलं. इतकं मन लावून मी आजवर कुणाचंच काम केलं नव्हतं. ती नवी प्रत घेऊन गेले तेव्हा वडिलांनी दोनच पानं वाचली.

"चांगलं लिहिलं तू," ते म्हणाले. "पन हे तू लिहिलं."

मला रडू आवरेना. म्हटलं, "बाबा, तुम्ही पुन्हा लिहा ना. मी हातसुद्धा लावणार नाही."

त्यांनी प्रत मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"आता आठवून नाही राहिलं, बेटा. वहीत लिहून ठेवलं होतं ना, म्हनून मनातून जाऊ देल्लं."