ठेचा झोंबायला लागतो तेव्हा

आमच्या वऱ्हाडात गेलेल्या माणसाची आठवण त्याच्या जेवणापासून सुरू होते. ‘त्याले वांग्याची भाजी लय आवडे,’ हे आधी. तो कसा गेला, ते मागून. मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवते. तिथल्या एका कामासाठी बार्शीटाकळीकडच्या खेड्यांत, तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्यांच्या आठवणी घरच्यांकडून ऐकून मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. ‘आजार कसा सुरू झाला?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘काई नाई बाई, एकाएकीच झालं.’ आणि मग तासभर भाकरी-भाजीच्या गोष्टी. मी मुळात तापट. आतल्या आत चडफडत बसायची, पण त्यांचा चहा प्यायल्यावर उठणार कशी?

मुक्काम आत्याकडे होता. तिचा भाजीपाल्याचा आणि झेंडूचा मळा, माल अकोल्याला जातो. ती घरोघर माझ्यासोबत यायची. ‘माह्या भावाची पोरगी हाये, सांग तिले,’ म्हणायची आणि दातांना मिश्री चोळत बाजूला बसायची. जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड तिला लग्नाआधीपासून लागायची.

एका घरी एक म्हातारी तिच्या सुनेबद्दल सांगत होती. सून ठेच्याशिवाय न जेवणारी, आणि मग ठेचा घेईचना. “‘मले झोंबते’ म्हणे. आमी हसलो बाई तिले. म्हटलं, पुण्याची झाली काय वं तू?” सांगता सांगता म्हातारी पुन्हा हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

मी चमकलेच. आदल्या घरचे आजोबा साधं वरण-भात मागायला लागले होते. त्याआधीच्या घरची काकू भाकर दुधात कुस्करून खायची. सगळ्यांनाच तिखट झोंबायला लागलं होतं आणि सगळ्या घरांनी त्यांची थट्टा केली होती. प्रेमानंच केली. आमच्याकडे प्रेम असंच करतात.

आत्याकडे पाहिलं, तर तिचं मिश्रीचं बोट तोंडातच थांबलं होतं.

घरी आलो. जेवायला बसलो. तिच्या ताटात दूध-भाकर. आल्यापासून रोज तेच बघत होते की मी! दात दुखत असतील, असं आपलं धरून चालले होते.

“आत्या, तुले झोंबते ना? कवापासून?”

“गुपचूप जेव.”

“उद्या अकोल्याले जाऊ. डॉक्टरले दाखवू.”

“अन् झेंडू कोन तोडीन?”

माझं डोकंच फिरलं. “जळो तो झेंडू. तू नसली तं मी माहेरपणाले कोनाकडे येऊ?”

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला आत्यानंच वाढवलं. पण हे आम्ही दोघी कधी बोलत नाही. ती बराच वेळ भाकर कुस्करत राहिली. मग म्हणाली, “चालू कर तुहा तो मोबाईल. एकदाच सांगतो, मंग विचारू नोको.”

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. दिवाळीपासून.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला, पण लहान होता. ‘लवकर आणलंत,’ ते म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. ऑपरेशन झालं. मिश्रीची डबी आत्यानं स्वतःच्या हातानं चुलीत घातली, वर तिला चार शिव्याही दिल्या. आता तिचं तोंड पुरतं उघडत नाही. तिखटाला तर लांबूनच रामराम.

तरी मी गेले की ती ठेचा करतेच. मिरच्या-लसूण भाजून तव्यावरच रगडते, सगळ्यांच्या ताटात वाढते आणि आपली दूध-भाकर घेऊन समोर बसते, एकेकाचं तोंड बघत. शेजारीण टेकायला आली तरी तिला बोटभर चाटवल्याशिवाय सोडत नाही.

परवा मी सहज बोलून गेले, “आज जास्तच झालं वं तिखट.”

ती ताट सारून उठली. माझी हनुवटी धरून मला दारातल्या उजेडात ओढलं.

“आ कर.”

“आत्या, मी मिश्री लावतो काय कवा?”

“आ कर म्हटलं ना.”

मी आ केला.