टेलरमामांचं बराबर

तमाम वाचकहो, जरा सावरून बसा. एक अतिशय गंभीर बाब जाहीर करतो आहे. आमच्या जवळा बाजार गावची राजकीय मतं कुठल्याही नेत्यानं घडवलेली नाहीत. ती एका टेलरच्या टेपनं घडवली.

बसस्टँडच्या मागं टेलरमामांचं दुकान होतं. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माप देताना माणूस हात पसरून उभा राहतो आणि, तुम्हीही पाहिलं असेल, हात पसरले की आपल्याकडे माणसाला राजकारण सुचतं.

गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, औंदा आपलंच पॅनल येतंय."

टाचण्यांतून उत्तर यायचं, "बराबर."

पुढचं गिऱ्हाईक विरुद्ध पॅनलचं. "मामा, त्यायचं डिपॉझिट जातंय बघा."

"बराबर."

ते बराबर छातीच्या मापाला असायचं. मामांचं सगळं लक्ष इंचांवर. गिऱ्हाईक मात्र खुशीनं छाती फुगवायचं, मामा फुगलेली छाती लिहून घ्यायचे आणि गावभर ढगळ शर्ट फिरायचे. मीही एकदा दारूबंदी हवी म्हणालो. बराबर. पुढच्या आठवड्यात नको म्हणालो. बराबर. दोन्ही वेळा मला मनापासून पटलं.

माझा चुलतभाऊ अण्णा वीस वर्षं एकाच पॅनलचा कट्टर माणूस. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी तो पँट शिवायला आला. "मामा, आमचा सरपंच म्हंजे देवमाणूस."

मामांनी कमरेला टेप लावली. पुन्हा लावली. वहीतलं जुनं माप पाहिलं. "न्हाई बराबर."

अण्णाचा चेहरा उतरला. "न्हाई?"

"लई फरक पडलाय. मागचं सोडा आता. नवं धरा."

त्याच संध्याकाळी अण्णानं विरुद्ध पॅनलचा हार गळ्यात घालून घेतला. पाठोपाठ अख्खी गल्ली गेली, कारण गल्लीचं मत अण्णाकडेच असायचं.

दुसऱ्या दिवशी जुन्या पॅनलची माणसं दुकानावर चालून आली. "मामा, आमचा माणूस फोडला व्हय? तुमी कोणाचे, आज सांगाच. न्हाईतर एक कपडा टाकणार न्हाई हितं!"

ते दुकान हेच मामांचं सगळं होतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. "मी कमरेचं बोललो बाबांनो. पण आता तुमी इचारलंच हाय, तर दोन दिवस द्या. इचार करून सांगतो."

विचार करायला दोन दिवस? मग मागून एकजण कुजबुजला, "इचार करून राहिला म्हंजे तिकडून नक्की काहीतरी घेतलंय!"

दोन दिवस दुकान बंद. मामा दोन्ही उमेदवारांच्या घरी गेले, नळाला पाणी कधी येणार ते विचारलं आणि मापाच्या वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठरलंय. मतदानाच्या दिवशी मशीनलाच सांगीन."

तेव्हापासून टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या नाहीत. माप घेताना कुणी मत मांडलं की मामा प्रेमानं विचारू लागले, "तुमी ह्ये कवा ठरवलं? कशापायी? काहून?" पसरलेल्या हातांनिशी माणसाला घाम फुटायचा. बरेचजण वसमतला जाऊन तयार कपडे घेऊ लागले. अर्धं गिऱ्हाईक गेलं. मामा मात्र विचारतच राहिले.

गेल्या साली मामा गेले. त्यांनी शिवलेला माझा ढगळ शर्ट अजून कपाटात आहे. घातला की उगीच छाती फुगते, मग "काहून?" आठवतं आणि खाली बसते.

परवा अण्णाला घेऊन वसमतच्या नव्या टेलरकडे गेलो. त्याच्या कानात इअरफोन. अण्णानं हात पसरले आणि ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत सगळी मतं मांडली. टेलर मुकाट्यानं आकडे लिहीत होता. अण्णा थांबला, वाट पाहिली. पसरलेले हात हळूहळू खाली आले. मग सगळं दुकान वळून बघेल एवढ्या मोठ्यानं तो ओरडला, "आरं बाबा, निदान बराबर तरी म्हण!"