सगळ्यात लहान खोलीचा बॉयलर

साइट संपली की पाइप जोडायचे उरलेले एल्बो, टी, व्हॉल्व्ह आम्ही ऑफिसातल्या एका ट्रेमध्ये टाकतो. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात चहा आला की कुणीतरी एक काढतं आणि त्याला दुसरा जोडला जातो. डोंगरातल्या एका घराचे तर इतके साठलेत की क्रमानेच सांगते.

आधी आमचा धंदा सांगायला हवा. आम्ही बॉयलर बसवतो. लाँड्र्या, हॉटेलं, एखादी फॅक्टरी. मी डिझाइन इंजिनिअर. माझ्या मुलीला शाळेत विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, "शी हीट्स दुबई." टीचर बराच वेळ हसत होत्या म्हणे.

* * *

एके दिवशी आमचे मालक प्रभुदेसाई साहेब फोन ठेवून म्हणाले, "वैशाली, घर गरम करायचंय."

मला वाटलं, गार करायचंय.

"नाही गं. रास अल खैमाच्या डोंगरात अबू सैफ म्हणून एक जण आहेत. म्हातारी आई तिथेच राहते, खाली यायला तयार नाही. हिवाळ्यात तिचे पाय गार पडतात. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप टाकायचेत, पाच झोन, म्हणजे घराचे पाच भाग. प्रत्येक झोन वेगळा चालू-बंद व्हायला हवा. बॉयलर कुठला घ्यायचा ते आपण सांगायचं."

वीस वर्षांच्या गल्फमधल्या नोकरीत मी पहिल्यांदाच कुणाचं घर गरम करणार होते.

* * *

मी आणि आमचा फोरमन राघवन घर बघायला गेलो. मी खिडक्या मोजल्या, भिंतींची जाडी मोजली, छतावर चढून वर काय थर आहेत ते बघितलं. अबू सैफ माझ्यामागून फिरत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. इंजिनिअर बाईला ते मुहंदिसा म्हणत.

"मुहंदिसा, तुम खिडकी क्यों नापता? हम खिडकी नहीं खरीदता."

मी म्हटलं, "गर्मी इधर से ही बाहर जाती है. कितनी जाती है, वो पता चले तो बॉयलर पता चलेगा."

ते म्हणाले, "पहले दो कंपनी आया. कहवा पिया, साइज बोला, गया. तुमने अभी तक कहवा नहीं पिया."

राघवनने माझ्याकडे बघितलं. त्याला कहवा हवा होता.

* * *

हिशोब लागला. कडाक्याच्या थंडीतही सगळं घर मिळून पंधरा किलोवॅट. आईची खोली सगळ्यात लहान, तिला जेमतेम एक. मी अठराचा बॉयलर लिहिला, ज्याची आच तीनपर्यंत खाली येते. शिवाय शंभर लिटरची एक टाकी, म्हणजे एकच खोली चालू असली तरी जास्तीची उष्णता तिच्यात साठून राहील.

साहेबांनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "बाकीच्यांनी साठचा दिलाय. हा आकडा बघून ते म्हणतील, ह्यांना काम येत नाही."

"साहेब, सगळे मोठ्यात मोठी गरज बघतात. झोन पाच असले की लहानात लहान गरजही बघायला लागते. म्हातारी रोज एकटी असते. पाहुणे वर्षातून चार वेळा."

"आणि थंडीत घर तापलं नाही तर?"

"तापेल."

"लिहून देतेस?"

मी सही करून कागद पुढे सरकवला. पुढच्या महिन्यात माझ्या व्हिसाचं रिन्यूअल होतं.

* * *

निर्णयाच्या दिवशी अबू सैफनी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, आम्हाला आणि साठवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला समोरासमोरच बसवलं. तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, बडा लगाने में नुकसान क्या है?"

मी विचारलं, "सिर्फ माँजी का कमरा चालू हो, तो आपका बॉयलर क्या करेगा?"

"चालू होगा."

"फिर?"

"पानी जल्दी गरम हो जाएगा, तो... बंद होगा."

"फिर?"

"फिर चालू होगा."

"दिन में कितनी बार? ऐसे तो मशीन कितने साल टिकेगा?"

तो कॅटलॉग चाळायला लागला. अबू सैफनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "ये बॉयलर है या मेरा भतीजा? सुबह नौकरी पकड़ता, शाम को छोड़ता."

काम आम्हाला मिळालं. परतीच्या वाटेवर साहेबांनी पूर्ण रस्ताभर एफएमवरची गाणी म्हटली. एकाचेही शब्द त्यांना येत नव्हते.

* * *

बॉयलर पोचला, तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाएवढा. राघवनने एका मदतनीसाबरोबर उचलून आत नेला. अबू सैफ बाहेर आले, त्यांनी व्हॅनमध्ये डोकावून बघितलं, मग व्हॅनच्या मागे जाऊन रस्त्याकडे बघितलं.

"बाकी किधर है?"

राघवन म्हणाला, "यही है, अरबाब. खलास."

* * *

जानेवारीत पहिली खरी थंडी पडली. सकाळी आठला साहेबांचा फोन वाजला. अबू सैफ एवढंच बोलले, "सब लोग आओ. अभी," आणि ठेवून दिला.

आम्ही तिघे टूल्स घेऊन व्हॅनमधून निघालो. तासाभराच्या रस्त्यात साहेबांनी एफएम लावला नाही. वर डोंगरात पोचलो तेव्हा गाडीतला आकडा चार डिग्री दाखवत होता.

फाटकातून आत शिरलो. अंगणाच्या मधोमध म्हातारीचा मोठा शिसवी पलंग उभा होता. गादी नाही, उशा नाहीत. साहेब पुटपुटले, "देवा."

मजलिस रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. आईच्या खोलीचं दार राघवनने हळूच ढकललं.

आत सगळं घर फरशीवर बसलं होतं. खालून आलेल्या सुना, नातवंडं, शेजारच्या दोन बायका, सगळ्यांचे पाय उघडे. मधे म्हातारी जमिनीवरच गादी घालून ऐसपैस पसरली होती. कमरेपर्यंतचं ब्लँकेट तिने बाजूला लोटलं होतं. तिने मला खुणेने बोलावलं, माझा गारठलेला हात धरला आणि तळवा फरशीवर दाबून ठेवला. किती वेळ सोडलाच नाही.

मग ती मुलाला काहीतरी बोलली. अबू सैफ आमच्याकडे वळले.

"माँ बोलती है, पलंग तुम ले जाओ. अब इसका काम नहीं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे. राघवन बाहेर गेला आणि त्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं.