मुंबईहून उघडणारे कुलूप

दर्शनाबाईंची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी त्यांच्याकडून अक्षरे शिकले. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, तरीही मी त्यांना बाई म्हणते. सावर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत त्यांचे घर माझ्या घराला लागून आहे. त्यामुळे वाचनाच्या सरावासाठी मी अजूनही त्यांच्या पडवीत बसते.

त्यांचे यजमान दीपकराव मुंबईस नोकरी करतात आणि गणपतीला व शिमग्याला गावी येतात. गेल्या शिमग्यास त्यांनी मुलीसाठी, म्हणजे सातवीतील सानवीसाठी, संगणक आणला व त्यावर पालकांचे कुलूप बसवले. त्यामुळे खेळ उघडत नसत. सानवीला एखादा खेळ हवा असल्यास तिने संगणकावरून विनंती पाठवावी, ती दीपकरावांच्या मोबाईलवर जावी आणि त्यांनी परवानगी द्यावी, अशी ती व्यवस्था होती.

बाई सानवीकडून संगणकावर उपयोगाची कामे करून घेत. मराठीत टाइप करणे, फाइल नीट नाव देऊन ठेवणे, जमिनीचा सातबारा काढणे. बाईंना स्वतःला जे येत नसे, ते दोघी मिळून शोधत. त्यांनी मलाही माझे नाव टाइप करण्यास बसवले.

"आज्जी, हळू दाब गो. नारळ सोलतेस काय?" सानवी म्हणाली.

"तुझी आई मला कधी ओरडली नाही," मी म्हटले. "तूच मोठी मास्तरीण झालीस."

मे महिन्यातील एका दुपारी सानवीने आपण होऊन आईला बोलावले. एका खेळात कोणी अनोळखी माणूस तिच्याशी लिहून बोलत होता आणि आता त्याने तिचा फोटो मागितला होता. फोटो तिने दिला नव्हता. बाई रागावल्या नाहीत. त्या माणसास रोखणे आणि त्याची तक्रार करणे, हे त्यांनी सानवीच्याच हातून करून घेतले. मग विचारले, "हा खेळ उघडला कसा?"

"पप्पांकडे मागितला. पप्पा नाय म्हणतच नाहीत."

बाईंनी दीपकरावांना स्पीकरवर फोन लावून सर्व सांगितले. मी तेथेच बसले होते.

"अगो, मी ड्युटीवर असतो. मोबाईल वाजला की हो दाबतो," दीपकराव म्हणाले. "पोर वर्षातून दोनदा भेटते. तिला नाय कसं म्हणू?" मग ते म्हणाले, "आता तो डबा माळ्यावर टाक."

सानवी मान खाली घालून उभी होती.

"माळ्यावर टाकला तर ती मैत्रिणीच्या मोबाईलवर खेळेल," बाई म्हणाल्या. "आज तिनं मला हाक मारली. उद्या मारायची नाय."

"मग मी काय करू?"

"तिनं काही मागितलं, की हो दाबायच्या आधी तिला फोन करा. कशाला पाहिजे, ते तिलाच विचारा."