पालीच्या सहीला साक्षीदार दोन

एका लेखकाची सही आणायला बीड जिल्ह्यात जातोय म्हटल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "ते वारले ना?" वारले, म्हणूनच तर. जिवंत लेखकांच्या सह्या हल्ली चुकवाव्या लागतात. प्रकाशन समारंभाला गेलात की न मागता पुस्तकावर उमटतात. हे गृहस्थ मात्र सही द्यायला भलतेच चिकट. नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये त्यांचे भक्त भांडायला येतात, आणि वाचलेलं कुणीच नसतं.

आमच्या सही जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मधली काचपेटी रिकामी होती. ह्यांची सही जो आणेल त्याला ती पेटी, असं अध्यक्ष देशमुखांनी जाहीर केलेलं. देशमुख सह्या पारखण्यात तज्ज्ञ आहेत. तसं तेच सांगतात. वीस वर्षं मी कोपऱ्यातल्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यात कागद धरून बसलोय. मला ती पेटी हवी होती. आणि बीडजवळच्या पालीत एका किराणा दुकानात ही सही फ्रेम करून लावलीय, असं कानावर आलं.

पहाटे पुणं सोडलं. नगरपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ट्रकवाल्यांबद्दल आहे पण छापता येणार नाही. कडा ओलांडून आष्टीत नाश्त्याला थांबलो. भजी गरम, मिरची खरी, चहा इतका गोड की चमचा उभा राहील. दोघांचं शंभरात भागतं. हॉटेलवाल्याने विचारलं, "कुनीकडं?"

"पालीला. एक सही आणायचीय."

"तलाठ्याची?" त्याने कळवळून पाहिलं. "मग आज कावून निघालाव? आज गावत न्हाई त्यो."

लेखकाची, म्हटल्यावर त्याचा कळवळा आणखी वाढला. "लेखकाची सही कुठं चालती ओ?"

पुढे जामखेड, मग मांजरसुंबा. तिथे रबडी खा, डॉक्टरला नंतर भेटा. घाट उतरला की बिंदुसरा धरणाचं पाणी दिसतं आणि लगेच पाली. दुकान शोधावं लागत नाही. शिवाप्पा लिंगायत वाणी, कपाळाला भस्म, गल्ल्यामागे महादेवाचा फोटो, आणि त्याच्या शेजारी, उदबत्तीच्या धुरात, ती फ्रेम.

मी जवळ जाऊन पाहिलं.

वहीचा एक कागद. वर लेखकांच्या अक्षरात ओळ : 'चहा चांगला होता.' त्याखाली सही, अस्सल, शेवटच्या अक्षराला तो प्रसिद्ध फटकारा. आणि त्याखाली 'साक्षीदार' असं लिहून दोन सह्या आणि ग्रामपंचायतीचा जांभळा गोल शिक्का!

"आप्पा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"एवढ्या मोठ्या लेखकाची सही, आणि तिच्यावर साक्षीदार?"

"मंग? कागद म्हनलं की साक्षीदार आले." आप्पांनी मला लहान मुलासारखं समजावलं. "त्ये भाषनाला बीडला चाललते. धरन बगायला हितं उतरले, चहा पेले, आमी म्हनलं कायतरी लिवून द्या. उद्या कुनी म्हनलं, एवढा मोठा मानूस ह्यांच्यात कावून चहा पेल? तर? नुसत्या सहीला कोन इचारतं बे... आपलं, साहेब."

पहिला साक्षीदार बबन न्हावी, समोरच्याच दुकानातला. दुसरी सही आप्पांच्या बायकोची. शकुंतलाकाकू आतून पदराला हात पुसत आल्या. "चहा म्या केलता. मंग साक्ष कुनाची पायजे?"

मी पैशांचा विषय काढला. आप्पा हसले. "पैसे कसले? सही न्यायची तर न्या. साक्षीदार आन् शिक्का आमी देनार न्हाई."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि आनंदाने घाम फुटला. बबनची सही आणि जांभळा शिक्का मला फुकट दिला तरी नको होता! "वरची ओळ मात्र सहीबरोबर..."

"ओळ कावून?" काकू म्हणाल्या. "चहा तुमी केलता का?"

ओळ मी सोडली. काकूंनी फ्रेम उघडली, शिवणाची कात्री आणली आणि सही मधोमध खिडकीसारखी कापून काढली. ओळ शाबूत, साक्षीदार शाबूत, शिक्क्याला धक्का नाही. "त्यो सरकारी हाय," म्हणाल्या. मग भोकासकट फ्रेम परत महादेवाशेजारी. मला चहा मिळाला. खरोखरच चांगला होता. मुक्काम बीडला केला. साधा लॉज परवडतो, गरम पाणी सकाळी मागून घ्यावं लागतं. रात्रभर पाकीट उशीखाली होतं.

पुण्यात देशमुखांनी कागदाला भिंग लावलं, तो उलटा केला, उजेडात धरला. "चिठोऱ्यावर नुसती सही? कुठली, कधीची? समोर कोण होतं?"

"दोन साक्षीदार आहेत. ग्रामपंचायतीचा शिक्काही."

"दाखवा."

ते पालीत, फ्रेममध्येच राहिले होते. सही कोपऱ्यातल्या टेबलावर लागली, खाली देशमुखांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी : 'बहुधा'. पेटीत त्यांनी स्वतःच्या संग्रहातलं एक पोस्टकार्ड ठेवलं.

शेवटी लाज सोडून आप्पांना फोन केला. म्हटलं, त्या कागदाचा नुसता फोटो पाठवा, साक्षीदारांसकट.

"पाठवतो की. पर त्या भोकाचा लई ताप झालाय बगा. जो येतो त्यो इचारतो, मधलं कुनी नेलं? आमी म्हनतो, पुन्याचा एक साहेब. तर म्हनत्यात, कशावरून? आन् तुमच्या काकू बोलत्यात मला, नेताना तुमची सहीच घ्याची राहिली."

"मग?"

"मंग या एकदा. भोकाच्या मागं कोरा कागद लावलाय. 'सही मी नेली' म्हून लिवून सही ठोका. बबन हाय, काकू हायत. शिक्क्याचं मी बगतो."

रस्ता चांगला आहे, रबडी तर आहेच, आणि खरं सांगायचं तर आजवर माझी सही बँकेशिवाय कुणी मागितलेली नाही. शनिवारी निघतोय. पेन नवं घेतलंय.