मेश्रामकाकांचं स्टेशन

कोणाच्याही घरी गेले की मेश्रामकाका आधी माणसांकडे नाही, टीव्हीकडे बघत. बूट काढता काढताच म्हणत, "रंग किती भडक ठेवलाय बापा. माणसं टोमॅटोसारखी दिसून राहिली." मग रिमोट मागून घेत, पडद्यावरच्या चेहऱ्यांना माणसांचा रंग आणत, आणि त्यानंतर सोफ्यावर टेकून विचारत, "हं, आता सांगा. कसे आहात?" मी पुण्याहून नोकरीसाठी अमेरिकेतल्या कॅरी गावात आलो, शेजारी राहायला लागलो, तेव्हा आमची ओळख अशीच झाली. माझं नाव त्यांनी टीव्ही नीट झाल्यावर विचारलं.

सुधाकर मेश्राम मूळ नागपूरचे. तरुणपणी शिकायला अमेरिकेत आले आणि इथल्या एका छोट्या टीव्ही स्टेशनात इंजिनिअर म्हणून चिकटले. त्यांच्या बरोबरीचे लोक कॉम्प्युटरकडे वळले, मोठ्या घरांत गेले. काका तिथंच राहिले. मला त्या धंद्यातलं काही कळत नव्हतं, तर त्यांनी समजावलं. "हे बघ, मालिका आणि मॅचेस मोठं नेटवर्क पाठवतं. आम्ही त्या गावाला दाखवतो. पण सकाळ-संध्याकाळच्या बातम्या आमच्या. म्हणजे दिवसभर बाहेरचं जेवण वाढायचं, अन् दोन वेळा घरची भाजी-भाकर."

नेटवर्कशी केलेला करार संपला की स्टेशनाचं नातं बदले. काका लागले तेव्हा देशातलं एक मोठं नेटवर्क त्यांच्याकडे होतं. काही वर्षांनी ते नेटवर्क बाजूच्या शहरातल्या मोठ्या स्टेशनाकडे गेलं. मग एक नवं, तरुण पोरांचे कार्यक्रम करणारं नेटवर्क मिळालं. ते थोड्याच दिवसांत बंद पडलं. मग बराच काळ स्टेशन कोणाचंच नव्हतं. जुने सिनेमे, कुस्त्या आणि रविवारी चर्चमधली प्रवचनं दाखवत दिवस काढले. दर बदलाला इमारतीवरची पाटी उतरे, नवी चढे. काका म्हणत, "आडनाव बदलतं रे. टॉवर तोच असतो."

कोणाचंच नसलेल्या त्या काळात एक मोठं वादळ आलं. पाइनची झाडं रस्त्यांवर आडवी झाली, वीज गेली. स्टेशनात जनरेटर होता. संध्याकाळच्या बातम्या देणारी कॅरल कॅमेऱ्यासमोर बसून कुठल्या रस्त्यावर पाणी आहे, कुठल्या शाळेत आसरा आहे, हे सांगत राहिली, आणि काकांनी प्रक्षेपण बंद पडू दिलं नाही. लोक बॅटरीवरच्या छोट्या टीव्हींपुढे बसून होते. त्याबद्दल बोलताना काकांचा आवाज खाली यायचा. "त्या दिवशी आम्ही कोणाचेच नव्हतो," ते म्हणायचे, "म्हणून सगळ्यांचे होतो."

विमलकाकूंचं सगळं घड्याळ या स्टेशनावर चाले. मुलगी प्रज्ञा शिकून देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला नोकरीला गेली होती, घरी दोघंच. सहाला बातम्या सुरू होत. काका तेव्हा कंट्रोल रूममध्ये असत. कॅरल निरोप घेऊन हसली की काकू तवा ठेवत, कारण स्टेशन जवळच होतं आणि थोड्या वेळात काकांची बेल वाजे. काकू दार उघडून विचारत, "आलात का?" समोर उभ्या असलेल्या माणसाला हे काय विचारायचं, असं मी एकदा गमतीनं म्हणालो. काकू म्हणाल्या, "अरे, विचारल्याशिवाय आल्यासारखं वाटत नाही."

पुढे काकूंना विसरायला होऊ लागलं. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची. गॅस बंद करावा लागला. दिवसा सोबतीला एक बाई येई. काका निवृत्त होण्याच्या वयाचे होते, तरी कामावर जात राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "मी बातम्यांनंतर घरी येतो, एवढं तिच्या डोक्यात पक्कं आहे. ते कशाला मोडू?"

ते दुसऱ्यांनीच मोडलं. दूरच्या राज्यातल्या एका कंपनीनं स्टेशन विकत घेतलं. पुन्हा मोठं नेटवर्क आलं, नवी पाटी चढली, केकही कापला. वर्ष सरायच्या आत बातम्यांचा विभाग बंद झाला. आता बातम्या दुसऱ्या शहरात तयार होणार आणि इथं नुसत्या दिसणार होत्या. कॅरलनं शेवटच्या बातम्या दिल्या. त्याच दिवशी काकांनीही टेबल आवरलं. जुन्या बातम्यांच्या टेपा कचऱ्यात जाणार होत्या, त्यातल्या मावतील तेवढ्या गाडीत घालून आणल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. सहा वाजले. पडद्यावर एक अनोळखी मुलगी बोलायला लागली.

काकू म्हणाल्या, "ही कॅरलबाई नाही. आज बातम्या लागल्याच नाहीत."

"विमल, आता हीच देणार बातम्या," काका म्हणाले.

"मग हे कसे येतील?"

काका त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. "मी इथंच आहे ना."

काकूंनी हात हळूच सोडवून घेतला. पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या. हे येतीलच." आणि उठून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. जेवायला बसेनात. रोज तेच होऊ लागलं.

शेवटी काकांनी टेपा काढल्या. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. तेव्हापासून सहाला त्या घरात कॅरलच्या जुन्या बातम्या लागत. पडद्याच्या कोपऱ्यात कधी या नेटवर्कचं चिन्ह असे, कधी त्या, कधी कोणाचंच नसे. काकूंना त्याचं काही नव्हतं. कॅरल दिसली की त्या शांत बसत. बातम्या संपत आल्या की काका गुपचूप गॅरेजमध्ये जात, गाडीचं दार जोरात लावत, आणि पुढच्या दाराशी येऊन बेल वाजवत.

"आलात का?"

"आलो."

एकदा ऐन जूनमध्ये जुन्या टेपेत हिमवर्षावाचा इशारा होता. काकूंनी काकांसाठी कपाटातून स्वेटर काढून ठेवला. "बर्फ पडणार म्हणे," त्या म्हणाल्या. काकांनी तो घातला आणि घामेजून जेवले. मला म्हणाले, "आयुष्यभर तिनं माझी वाट पाहिली रे. मी रोज येतो, यात काय मोठं?"

मग एका संध्याकाळी बेल वाजवल्यावर काकूंनी दार उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. "हे घरी नाहीत," म्हणाल्या. काकांनी विचारलं, "आत येऊन थांबू का?" काकूंनी बसवलं. हे मला काकांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मी विचारलं, कसा आहे तुमचा नवरा? तर म्हणाली, चांगला आहे, पण कामातून सुटत नाही. फार उशिरा भेटतो." मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मला हे नाही बोलली कधी. अनोळखी माणसाला बोलली."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. प्रज्ञा आली. आमच्या इथल्या बुद्धविहारातल्या मंडळींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. काका सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत होते, स्पष्ट, एकही शब्द न चुकवता.

नंतर प्रज्ञानं त्यांना रेडमंडला नेलं आणि दोन पावसाळी हिवाळे काढून तेही गेले. पण मला ते आठवतात ते कॅरीतल्या शेवटच्या आठवड्यातले. सामान बांधायला मी गेलो होतो. बोलता बोलता सहा वाजून गेले. टीव्ही बंदच होता. काका मध्येच उठले आणि गॅरेजमध्ये गेले. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. "He does this every day," ती हळूच म्हणाली. "मला बघवत नाही, दादा. तू जा ना."

गॅरेजचं मोठं शटर उघडं होतं. काका गाडीत बसले होते, हात मांडीवर. मी बाजूच्या सीटवर जाऊन बसलो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी कुत्र्याला फिरवत होतं.

"काका, आत चला. थंडी आहे."

"जातो," ते म्हणाले. "जातो बापा. पण आत गेल्यावर आलो कोणाला म्हणू?"

अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. मग ते आपणहून उतरले, दार अगदी हळू लावलं, आणि पुढच्या दाराशी न जाता गॅरेजमधल्याच दारानं घरात शिरले.