निळं नव्हे, नीळ्ळु

माझी धाकटी बहीण तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. सोलापुरातल्या आमच्या चाळीत याची काळजी आमच्यापेक्षा इतरांनाच जास्त होती. माळशिरसहून आत्या आली, ती येतानाच वेखंडाचा तुकडा घेऊन. तो उगाळून तिने बहिणीच्या जिभेला लावला. बहिणीने तोंड वाकडं केलं, पण बोलली नाही.

"पोरगी मुकी हाय की काय गं?" आत्याने आईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी आई बहिणीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, तशी तिने झटकन मान वळवली. डॉक्टर हसले. "ऐकू येतंय हिला. तुम्ही बोलत राहा. आणि विचारलंत की जरा थांबा. तिला वेळ द्या."

आईने हे इतकं मनावर घेतलं, की आम्हाला जेवायला उशीर व्हायला लागला. वांगं हातात धरून ती विचारायची, "हे काय गं?" मग विळीपाशी नुसती बसून राहायची. बहीण वांग्याकडे बघायची, आई बहिणीकडे. "वांगं!" शेवटी आईच सांगायची, आणि चिरायला घ्यायची. माझे वडील गिरणीत फिटर होते, मुळात अबोल. तेसुद्धा संध्याकाळी तिला सायकलच्या दांडीवर बसवून सांगू लागले, "ही घंटी. हे चाक. ही चेन, हिला हात लावायचा नाही."

शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. बहीण दुपारभर तिथल्या काकूंजवळ मागाच्या खडखडाटात खुशाल बसायची. आत्याला ते पटलं नाही. "दोन दोन भाषांनी पोरीचं डोकं बावचळलंय. तिकडं धाडू नगंस."

"तिथं ती हसते, वन्सं," आई म्हणाली. तिने बहिणीला पाठवणं थांबवलं नाही.

एकदा दुपारी बहीण तिकडून आली आणि आईचा पदर ओढत म्हणाली, "नीळ्ळु."

आईच्या हातातली परात खाली पडली. "निळं? काय निळं, बाळा?" तिने माझा निळा फ्रॉक दाखवला. बहिणीने मान हलवली. मी शाईची दौत आणली. तेही नाही. "नीळ्ळु!" ती आता रडकुंडीला आली होती. आवाज ऐकून काकू धावत आल्या आणि हसू लागल्या. "अवो वैनी, पाणी मागतीय की ती!"

आईने माठातलं पाणी दिलं. बहीण घटाघटा प्यायली. आई आणि काकू एकमेकींचे हात धरून रडत होत्या, आणि आत्या दारात उभी राहून म्हणत होती, "बोलली की गं! कंच्या का भाषेत हुईना!"

संध्याकाळी वडिलांनी तो शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला आणि दर वेळी पेला पुढे केला. अखेर तिने तो ढकलला. "नको!" हा तिचा पहिला मराठी शब्द.

पुढे बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. "तुमची मुलगी वर्गात फार बोलते हो. कुणाला ऐकूच देत नाही."

"हो का?" आई म्हणाली, आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला ही तक्रार सांगत आली.